निंबा पर्वताचा नकाशा-अभ्यास: तीन देशांची डोंगररांग टेबलावर कशी वाचावी

पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि आयव्हरी कोस्ट या तीन देशांच्या सीमा निंबा नावाच्या डोंगररांगेवर एकत्र येतात. जगातील उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचे साठे या रांगेत आहेत आणि तिचा काही भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. तेथे न जाता, ठाण्यात किंवा नवी मुंबईत बसून या रांगेचा भूगोल आणि तिच्या खाणींचा इतिहास कसा अभ्यासावा, याची पद्धत येथे दिली आहे. भूगोलाचे शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि ट्रेकच्या निमित्ताने नकाशांची गोडी लागलेले वाचक यांना ती उपयोगी पडावी. या पद्धतीचे सूत्र असे की, डोंगराची रचना, राजकीय सीमा आणि खनिजाची समुद्रापर्यंतची वाट हे तीन थर वेगवेगळे काढावेत आणि मग एकावर एक ठेवून वाचावेत. कारण निंब्यावर लोखंड आहे एवढे कळून फारसे काही उलगडत नाही, ते कोणत्या बंदराला उतरले आणि कोणत्या बंदराला उतरू शकले नाही हे कळले, म्हणजे तेथील गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास उलगडतो.

साहित्य

ए-थ्री आकाराचे दोन जाड कागद, त्याच आकाराचे चार-पाच ट्रेसिंग पेपर, कंपासपेटी, बारीक टोकाची पेने आणि दोरा एवढे साहित्य पुरते. ठाण्यात गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर 17 मध्ये हे सर्व सहज मिळते. स्वस्त पातळ बटर पेपर मात्र घेऊ नये. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो सर्द होतो, कडेने वळतो आणि एकावर एक ठेवलेल्या रेषा अर्धा-एक मिलिमीटर सरकतात. दोन लाखांच्या प्रमाणावर अर्धा मिलिमीटर म्हणजे शंभर मीटर. नव्वद जीएसएमचा ट्रेसिंग पेपर घ्यावा आणि चारही कोपऱ्यांवर जुळणीच्या फुल्या आधी मारून ठेवाव्यात.

संगणकावर क्यूजीआयएस ही नकाशे काढण्याची मोफत प्रणाली घ्यावी. उंचीसाठी नासाच्या 2000 सालच्या अवकाशयान-रडार मोहिमेची आकडेवारी वापरावी, ती साधारण तीस मीटरच्या चौकटींत मोफत उपलब्ध आहे. जुन्या उपग्रहचित्रांसाठी 1972 पासूनची लँडसॅट मालिका आणि अलीकडच्या काळासाठी दहा मीटर स्पष्टतेची सेंटिनेल-2 ची चित्रे घ्यावीत. ज्यांना संगणकाचा कंटाळा आहे त्यांनी चांगल्या प्रतीचा आफ्रिकेचा ॲटलास समोर ठेवून हाताने काम केले तरी चालते, फक्त खाणींचा थर त्यातून नीट निघत नाही.

आधी पारसिक, मग निंबा

परक्या देशाचे उपग्रहचित्र वाचायला बसण्यापूर्वी आपल्याला जेथे पायी जाऊन पडताळता येईल अशा डोंगराचे चित्र वाचावे. त्यासाठी पारसिकच्या डोंगराइतके सोयीचे ठिकाण नाही. मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेल्या या डोंगराच्या कुशीत, विशेषतः तुर्भे-नेरूळच्या अंगाला, दगडखाणींनी कापलेले कडे दिसतात. चित्रात ते फिकट राखाडी डागांसारखे उमटतात, त्यांच्या कडा झाडीच्या कडांपेक्षा फार सरळ असतात आणि खड्ड्यात पाणी साचले असेल तर तेथे गडद किंवा निळसर हिरवा ठिपका दिसतो. रस्त्यांकडेही लक्ष द्यावे. वस्तीचा रस्ता घरांना जोडत जातो, तर खाणीचा रस्ता वळणे घेत चढतो आणि कापलेल्या भिंतीपाशी अचानक संपतो. सकाळी एखादी फेरी मारून हे डाग प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावेत, पण चालू खाणीच्या किंवा क्रशरच्या आवारात शिरू नये. डंपरचा रस्ता ही काही फिरण्याची जागा नव्हे.

एक फरक मनात पक्का ठेवावा. पारसिक आणि एकूणच आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे आणि येथून निघते ती खडी. निंब्याचे खडक दोन अब्ज वर्षांहून जुने आहेत. आपल्याकडे आडव्या थरांमुळे डोंगराला पायऱ्या-पायऱ्यांचा आकार येतो, तर निंब्याचे थर घड्या पडून जवळजवळ उभे झालेले आहेत, म्हणून ती रांग एखाद्या लांब भिंतीसारखी मैदानातून वर येते. पारसिकवर शिकलेल्या खुणा निंब्याला लावताना आकाराची ही अपेक्षा बाजूला ठेवावी लागते.

पहिला थर: डोंगर

पहिला नकाशा 1 : 2,00,000 या प्रमाणावर काढावा, म्हणजे एक सेंटिमीटरला दोन किलोमीटर. रांगेची लांबी सुमारे चाळीस किलोमीटर असल्याने ती कागदावर वीस सेंटिमीटर येते आणि आजूबाजूच्या गावांना जागा उरते. नकाशाचा मध्य 7 अंश 35 मिनिटे उत्तर अक्षांश आणि 8 अंश 25 मिनिटे पश्चिम रेखांशाच्या आसपास धरावा. रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते. पायथ्याचा प्रदेश समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर आहे आणि सर्वोच्च शिखर रिशार-मोलार 1752 मीटरवर, म्हणजे आपल्या 1646 मीटरच्या कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटर उंच. गिनी आणि आयव्हरी कोस्ट या दोन्ही देशांचे हेच सर्वोच्च ठिकाण आहे, कारण त्यांची सीमा माथ्याच्या धारेवरूनच जाते. शिखराला फ्रेंच भूगोलतज्ज्ञ जाक रिशार-मोलार यांचे नाव आहे. 1951 मध्ये याच परिसरात अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दोनशे मीटरच्या अंतराने काढाव्यात. शंभराच्या अंतराने काढल्यास धारेजवळ त्या इतक्या दाटतात की शाई एकमेकींत मिसळते. नंतर नद्या काढाव्यात. लायबेरिया आणि आयव्हरी कोस्ट यांच्या सीमेचा मोठा भाग जिच्या पात्रातून जातो ती कव्हाला नदी याच परिसरात उगम पावते.

वनस्पतींचे पट्टे तीन रंगांत दाखवले तरी पुरे: खालच्या उतारांवरील दाट जंगल, ओढ्यांच्या काठाने वर चढणारी जंगलाची बोटे आणि माथ्यावरील गवत. माथ्यावर झाडे का नाहीत, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे एक मोठे कारण पायाखाली आहे. लोहयुक्त खडकाची माथ्यावर कठीण टोपी झालेली आहे आणि तिच्यावर मातीचा थर फार पातळ आहे. माथेरानच्या माथ्यावरचा किंवा कोकणातल्या सड्यांवरचा जांभा ज्याने पाहिला आहे, त्याला ही टोपी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात कासच्या पठारावर जसे पाण्याचे उथळ डबके आणि आखूड गवत असते, तशाच प्रकारच्या अधिवासात निंब्याचा सर्वांत प्रसिद्ध प्राणी राहतो: निंबा बेडूक. आकाराने बोटाच्या पेरापेक्षा लहान असलेली ही भेक-जात अंडी घालत नाही. मादी सुमारे नऊ महिने पिल्ले पोटात वाढवते आणि पूर्ण रूपातील पिल्लांना जन्म देते. बेडकांच्या जगात ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ आहे. ही जात फक्त या माथ्यावरच्या गवताळ पट्ट्यात आहे आणि अस्तंगत होण्याच्या अतिगंभीर धोक्यात मोजली जाते. लोखंडाचा सर्वांत सकस भागही माथ्याकडेच असल्यामुळे बेडकाचा पट्टा आणि खनिजाचा पट्टा नकाशावर एकमेकांवर येतात. पहिल्या थरावर गवताचा रंग भरताना ही जागा ठळक करून ठेवावी.

उपग्रहचित्र निवडताना तारखेकडे लक्ष द्यावे. एप्रिल ते ऑक्टोबर या लांब पावसाळ्यात ढगांमुळे माथा क्वचितच दिसतो. ढग नाहीत म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतील चित्र घेतले, तर सहाराकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याच्या धुळीने ते फिकट निघते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे चित्र बहुधा सर्वांत स्वच्छ मिळते.

दुसरा थर: सीमा आणि संरक्षित क्षेत्रे

दुसऱ्या ट्रेसिंग पेपरवर प्रथम तीन देशांच्या सीमा काढाव्यात. लायबेरिया 1847 पासून स्वतंत्र प्रजासत्ताक होते, उरलेला प्रदेश फ्रेंचांकडे होता आणि लायबेरियाची हद्द फ्रान्सशी झालेल्या 1892 व 1907 च्या करारांनी आखली गेली. गिनी 2 ऑक्टोबर 1958 रोजी आणि आयव्हरी कोस्ट 7 ऑगस्ट 1960 रोजी स्वतंत्र झाले. गावे मोजकीच दाखवावीत: गिनीत लोला आणि बोसू, लायबेरियात येकेपा आणि सानिकेली, आयव्हरी कोस्टमध्ये डानाने. सानिकेलीला वेगळी खूण करावी, कारण जुलै 1959 मध्ये लायबेरियाचे टबमन, घानाचे एन्क्रुमा आणि गिनीचे सेकू तुरे या नेत्यांनी आफ्रिकी ऐक्याच्या प्रश्नावर येथेच बैठक घेतली होती. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे राहणारे लोक बऱ्याच अंशी तेच आहेत. लायबेरियात ज्यांना गिओ म्हणतात आणि आयव्हरी कोस्टमध्ये याकुबा, ते दान समाजाचेच लोक. जुने नकाशे फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन परंपरांतले असल्याने गावांची व नद्यांची नावेही दोन प्रकारे लिहिलेली सापडतात, ती सीमेवर येऊन बदलतात आणि त्यामुळे एकच नदी दोनदा काढली जाण्याचा संभव असतो.

त्यानंतर संरक्षित क्षेत्रे. फ्रेंच काळात 1944 मध्ये येथे कडक संरक्षणाचे राखीव क्षेत्र झाले. 1981 मध्ये गिनीचा भाग आणि 1982 मध्ये आयव्हरी कोस्टचा भाग जागतिक वारसा यादीत आला. एकूण क्षेत्र सुमारे साडेसतरा हजार हेक्टर, म्हणजे 175 चौरस किलोमीटर; बोरिवली-येऊरच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पावणेदोन पट धरायला हरकत नाही. आपल्या प्रमाणावर हे सुमारे चव्वेचाळीस चौरस सेंटिमीटर येते. 1992 मध्ये हे स्थळ धोक्यातील वारसा यादीत गेले. गिनीच्या बाजूला प्रस्तावित असलेली लोहखाण आणि लायबेरियातील युद्धामुळे आलेले निर्वासितांचे लोंढे ही त्याची कारणे होती. पुढच्याच वर्षी सीमांची फेरतपासणी झाली आणि सुमारे 1550 हेक्टरचा खाणपट्टा वारसा क्षेत्राबाहेर धरला गेला. कागदावर हा तुकडा जेमतेम चार चौरस सेंटिमीटरचा आहे, पण त्याला जाड रेषेने वेढावे. लायबेरियाच्या बाजूला मात्र वारसा क्षेत्र नाही. तेथे 2003 मध्ये पूर्व निंबा राखीव क्षेत्र घोषित झाले, तेही मोठी खाण होऊन गेल्यानंतर.

लोलाजवळच्या बोसू येथे हिरवा ठिपका द्यावा. तेथील चिंपांझी दगडाच्या ऐरणीवर दुसऱ्या दगडाने पामच्या बिया फोडतात आणि जपानच्या क्योटो विद्यापीठाचे संशोधक 1976 पासून त्यांचे निरीक्षण करत आले आहेत.

तिसरा थर: खाणी

हा थर काढण्यास सर्वांत जास्त वेळ द्यावा. आधी खडक समजून घ्यावा. सिलिका आणि लोहाच्या ऑक्साइडचे पातळ आलटून-पालटून थर असलेला इटाबिराइट हा येथील मूळ खडक. उष्ण कटिबंधातील पावसाच्या पाण्याने दीर्घकाळात त्यातील सिलिका झिरपून गेली आणि काही ठिकाणी साठ टक्क्यांहून अधिक लोह असलेले हेमाटाइट शिल्लक राहिले. असे खनिज धुऊन-दळून सकस करण्याची फारशी गरज नसते, ते खणून तसेच जहाजात भरता येते. म्हणून इतक्या आडवाटेला असूनही निंब्याकडे परदेशी भांडवलाचे लक्ष गेले.

लायबेरियात आधुनिक लोहखाण प्रथम 1951 मध्ये मन्रोव्हियाजवळच्या बोमी टेकड्यांवर सुरू झाली होती. लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष टबमन यांचे धोरण परदेशी भांडवलाला दार उघडे ठेवण्याचे होते. 1955 मध्ये सँडी क्लार्क या स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञाला निंब्याच्या लायबेरियाकडील भागात सकस साठा सापडला. लाम्को या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने तो विकसित केला. त्यात लायबेरिया सरकार, स्वीडनचे भागधारक आणि अमेरिकेची बेथलेहेम स्टील यांचा वाटा होता. येकेपा हे गाव खाणकामगारांसाठी जंगलात नव्याने वसवले गेले, किनाऱ्यावर ब्युकॅनन येथे बंदर बांधले गेले आणि दोहोंना जोडणारा सुमारे 267 किलोमीटरचा लोहमार्ग टाकला गेला. हे अंतर साधारण मुंबई ते मनमाड इतके आहे. 1963 मध्ये खनिजाची निर्यात सुरू झाली आणि त्या दशकात लायबेरिया जगातील प्रमुख लोहखनिज निर्यातदारांत गणले जाऊ लागले.

चित्रात ही खाण शोधताना येकेपापासून रांगेच्या धारेकडे नजर न्यावी. धार जेथे पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेली दिसते आणि मध्ये निळे-हिरवे पाणी साचलेले दिसते, तीच जुनी खाण. त्या तळ्याला स्थानिक लोक ब्लू लेक म्हणतात. 1970 च्या दशकातील लँडसॅट चित्र आणि सध्याचे सेंटिनेल चित्र शेजारी ठेवले तर त्या वेळची उघडी जमीन आणि आजचे झुडपी हिरवेपण यांतील फरक स्पष्ट दिसतो. जुन्या चित्रात रंग भडक दिसतील, ते संगणकाने चढवलेले असतात. त्यांच्यावरून मातीचा रंग ठरवू नये.

पोलादाच्या मंदीने 1980 च्या दशकात खाण आधीच खिळखिळी झाली होती आणि सकस खनिजही संपत आले होते. 1989 मध्ये लाम्कोचे काम थांबले. त्याच वर्षी 24 डिसेंबरला चार्ल्स टेलर यांचे बंडखोर आयव्हरी कोस्टमधून याच निंबा परगण्यात शिरले आणि गृहयुद्ध पेटले. रेल्वे, बंदर आणि येकेपा यांची वाताहत झाली. 2005 मध्ये मित्तल स्टीलने लायबेरियाशी करार केला, एलेन जॉन्सन सरलीफ यांच्या सरकारने त्याची फेरतपासणी करून 2006 मध्ये अटी बदलून घेतल्या आणि 2011 मध्ये आर्सेलर-मित्तलचे पहिले खनिज ब्युकॅननहून निघाले. हे खनिज जुन्या खाणीतले नव्हे, जवळच्या टोकादे डोंगरावरचे आहे. तो वेगळ्या रंगाने दाखवावा.

गिनीच्या बाजूला साठा मोठा असूनही आजवर व्यापारी खाणकाम झालेले नाही, फक्त शोधमोहिमा झाल्या. त्यांच्यासाठी डोंगराच्या पोटात खणलेल्या बोगद्यांत वटवाघळांनी वस्ती केली. 2018 मध्ये त्या बोगद्यांत केशरी-काळ्या रंगाचे एक अनोळखी वटवाघूळ सापडले आणि 2021 मध्ये निंब्याच्याच नावाने नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. जुने बोगदे ढासळू लागल्याने आता त्यांना आधार देण्याचे काम करावे लागते. माणसाने खाणीसाठी खणावे आणि संरक्षणासाठी ते खणलेले टिकवावे लागावे, असा प्रसंग खाणींच्या इतिहासात वारंवार येत नाही.

दोऱ्याने मोजायच्या वाटा

आता दुसरा जाड कागद घ्यावा आणि त्यावर 1 : 20,00,000 प्रमाणाने, म्हणजे सेंटिमीटरला वीस किलोमीटर धरून, निंब्यापासून समुद्रापर्यंतचा प्रदेश काढावा. पश्चिमेला कोनाक्री आणि आग्नेयेला सान-पेद्रो ही दोन्ही बंदरे घेतल्यास कागद जवळजवळ काठोकाठ भरतो. निंब्यावर टाचणी लावून तिला दोरा बांधावा आणि तो सरळ ताणून प्रत्येक बंदरापर्यंत मोजावा. लायबेरियाच्या ब्युकॅननपर्यंत सुमारे तेरा सेंटिमीटर येतात, आयव्हरी कोस्टच्या सान-पेद्रोपर्यंत साडेअठराच्या आसपास आणि गिनीच्या कोनाक्रीपर्यंत तीसहून अधिक. प्रत्यक्ष मार्ग वळणांमुळे याहून लांब असतो. टनामागे अल्प भाव मिळणाऱ्या खनिजाला वाहतुकीचा हा फरक परवडण्या-न परवडण्याइतका मोठा असतो. आपल्याकडे कुद्रेमुखचे लोहखनिज नळातून मंगळूरच्या किनाऱ्याला नेले जात होते. तेथेही खाणीइतकेच महत्त्व त्या नळाला होते.

गिनीच्या सरकारांना मात्र आपले खनिज दुसऱ्या देशाच्या बंदरातून जावे हे दीर्घकाळ पसंत नव्हते आणि त्या आग्रहामागे निव्वळ हट्ट होता असे म्हणता येणार नाही. शेजारच्या देशात युद्ध पेटले म्हणजे रेल्वेचे काय होते, ते 1989 नंतर सर्वांनी पाहिले. निंब्याच्या उत्तरेकडील सिमांदू रांगेतील प्रचंड साठ्यासाठी गिनीने स्वतःच्या भूमीवरून सहाशे किलोमीटरहून लांब रेल्वे आणि नवे बंदर करवून घेतले आणि 2025 च्या अखेरीस तेथील खनिज बंदराकडे निघाले. निंब्याच्या गिनीकडील साठ्यासाठी तसे काही झाले नाही. 2019 मध्ये गिनी आणि लायबेरिया यांच्यात खनिज लायबेरियातून नेण्याबाबत करार झाला. म्हणून या कागदावर येकेपा ते ब्युकॅनन ही रेषा काळ्या शाईने, सिमांदूची रेषा लाल शाईने आणि निंब्याच्या गिनीकडील खाणपट्ट्यापासून येकेपापर्यंतचा लहानसा तुकडा पेन्सिलीने काढावा.

शेवटी सनावळीची एक पट्टी नकाशाच्या तळाशी चिकटवावी. तिच्यात तीन ओळी असाव्यात, प्रत्येक देशाला एक. 1944, 1955, 1963, 1981, 1989, 1992, 2011 आणि 2019 ही वर्षे ज्या देशाची त्याच ओळीत लिहावीत. 1992 चे वर्ष गिनी आणि आयव्हरी कोस्ट या दोन्ही ओळींत येते आणि 2019 चे गिनी आणि लायबेरिया या दोन्हींत. अभ्यासगटात काम करायचे असल्यास तीन थर तिघांकडे न देता प्रत्येकाने तिन्ही थरांचा एकेक तृतीयांश काढावा, नाहीतर सीमा काढणाऱ्याला डोंगर आणि डोंगर काढणाऱ्याला रेल्वे कळत नाही. ट्रेसिंग पेपर गुंडाळून न ठेवता सपाट फाइलमध्ये ठेवावेत आणि पेन्सिलीने काढलेल्या त्या वाटेच्या तुकड्यावर रुळांचे काम सुरू झाल्याची खात्रीची बातमी येईल तेव्हाच त्यावर शाई फिरवावी.